ठकूच्या विळ्याचं पाणी

फार वर्षांपूर्वी, पलीकडच्या डोंगराला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं तेव्हा, आपल्या उंबरखोऱ्यात ठकू लोहारीण राहायची. आपल्या, कळलं? खालच्या वाडीचे म्हणतात ठकू त्यांची. म्हणोत बापडे! त्यांच्याकडे सांगायला दुसरं आहे काय?

ठकूचा नवरा तरुणपणीच गेला, मग ऐरणीवर तीच बसली. तिच्या हातचा विळा असा उतरायचा, की भात कापणाऱ्या बाईला आपण कापतोय हे कळायचंसुद्धा नाही. असं म्हणतात की तिचा विळा वाऱ्यात धरला, तर वारा दुभंगून दोन वाटांनी जायचा.

शेजारीच तिच्या थोरल्या दिराची, येसूची भट्टी. माणूस हाडाचा लोहार, अंगात बैलाचं बळ, पण त्याच्या विळ्याची धार दोन पेंढ्यांत दुमडायची. गिऱ्हाईक त्याच्या दारावरून ठकूकडे जायचं आणि वर म्हणायचं, "ठकूच्या विळ्याचं पाणीच न्यारं!"

आता तापलेलं पातं बुडवून कडक करायचं, त्याला लोहार म्हणतात पाणी देणं. लोक त्या पाण्याचं बोलत होते. पण पोटात हेवा शिरला की कानांचं काही खरं नाही. येसूला वाटलं, जे काही आहे ते ठकूच्या आडातल्या पाण्यातच.

मग काय! ती रानात गेली की हा गुपचूप तिच्या आडातून घागर भरून आणायचा. तरी विळे तसेच दुमडायचे. "बयेनं आड भारून ठेवलाय," असं म्हणत तो जळफळायचा. शेवटी एक दिवस त्यानं धोंडे आणि काटेरी फांद्या लोटून आडच बुजवला. मला नाही, तर तिलाही नाही!

इकडे भात पिकून लवलेलं, वर आभाळ भरलेलं. विळे झाले नाहीत तर खोऱ्याचं वर्षाचं अन्न चिखलात जाणार. ठकू आडापाशी बसून धाय मोकलून रडली. मग तिनं पदर खोचला आणि हाक दिली, "बायांनो, घरटी तांब्याभर पाणी आणा गं!"

कुणी ओढ्याचं आणलं, कुणी डबक्यातलं. विळे मात्र सगळे सारखेच उतरले. येसूला ते बघवेना. तो आपल्या घरची घागर घेऊन आला.

"हे माझ्या घरचं. यात दे बघू पाणी!"

पातं लालभडक होतं. ते लगेच बुडवायला येसूचे हात शिवशिवायला लागले. ठकू थांबली. लाली उतरून पिकल्या उंबरासारखी झाली, तेव्हा तिनं पातं बुडवलं. असं म्हणतात की त्या एका विळ्यानं सांजेच्या आत सगळं खोरं कापलं, बाया नुसत्या पेंढ्या बांधत होत्या.

"म्हणजे माझ्याच पाण्यात होतं?" येसू पुटपुटला.

"पाणी कुठलंही चालतं, भावजी. तुम्हाला दम निघत नाही."

येसू आडापाशी गेला. आडातला पहिला धोंडा त्यानंच वर काढला.

म्हणून आपल्याकडे खंडेनवमीला आपली हत्यारं आपण धुवत नाही. ज्याचा हेवा वाटतो, त्याच्या दारात आपल्या घरचं पाणी न्यायचं, ठकूचं नाव घ्यायचं आणि त्याचा विळा धुऊन द्यायचा. खोटं वाटत असेल तर या बघायला.

गेल्या साली आमच्या शेजारच्या त्या धोंडबाच्या अंगणात तांब्यांची रांग लागली होती. मेल्याचं नशीबच तसलं! मी माझा कोयता उंबऱ्यावर मांडून दिवसभर वाट बघितली. चिटपाखरू फिरकलं नाही. दिवस कलला, तेव्हा मुकाट्यानं तांब्या भरला आणि निघालो धोंडबाकडे.