करडईवरचा मावा

एका गावात एक सून नांदायला आली, तिचा धंदा किडे मोजायचा. कुठल्या वर्षी कुठले किडे वाढतात, का वाढतात आणि कशाने ओसरतात, हे शोधण्यात वैजयंताची तरुणपणाची वर्षं शिवाराशिवारांत गेली होती. गावातल्या बायका म्हणत, "पाटलांच्या घरात किड्यांची जनगणना आली गं." वैजयंता हसून घेई.

त्या हिवाळ्यात करडईवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, पडला. बांधाला बांध असलेले रंभाजीकाका फवारणीचा पंप पाठीला लावून निघाले, तेव्हा तिने त्यांना अडवलं. "काका, थांबा. मावा वाढला की त्याला खाणारे ढालकिडे मागोमाग येतात. औषधाने आधी तेच मरतील. पीक सगळं वाचेल बघा."

काकांनी पंप उतरवला.

थोड्याच दिवसांत मावा सासरच्या करडईवरही चढला. पानं चिकट झाली, शेंडे काळवंडले. सासूबाईंनी पंप ओट्यावर आणून ठेवला.

"आत्याबाई, आपणही थांबू या."

"सगळं वाचेल ना? खात्रीनं सांग."

वैजयंता शेतात गेली. झाडाखाली पांढरं फडकं अंथरून तिने झाड हलवलं. माव्याचा सडा पडला, ढालकिडे मोजकेच. पानांमागे त्यांची पिवळी अंडी मात्र होती.

"खात्री नाही," परत येऊन ती म्हणाली. "बहुतेक पीक वाचेल. पण कडेची झाडं जातील."

"हे रंभाजीभावजींना सांगितलंस?"

तिने ते सांगितलं नव्हतं. शेत दुसऱ्याचं होतं, तेव्हा तिने शंका मनातच ठेवली होती.

आता सांगितलं, तर काका पंप उचलणार. लगतचे ढालकिडे मरणार आणि सासरचं पीकही हातचं जाणार. हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी ती बांध ओलांडून गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

काकांनी करडईचं एक पान उलटून पाहिलं. मग म्हणाले, "सगळं वाचेल म्हणालीस, तेव्हापासून माझी झोप उडाली होती, पोरी. सगळं वाचवणारं काही मी अजून पाहिलं नाही. काय जाईल ते कळलं, आता थांबतो."

दोन्ही शेतांच्या कडा वाळल्या. आतली करडई पिवळीधमक फुलली.

पुढल्या हिवाळ्यात लोक सल्ल्याला दारात आले. सासूबाईंनीच आत हाक दिली, "वैजयंता, बाहेर ये. आणि काय जाईल ते आधी सांग त्यांना."

तात्पर्य: घरच्यांना जी शंका सांगतो, ती शेजाऱ्यालाही सांगावी, शंका लपवून मिळवलेला विश्वास उसनाच असतो.