उंदरांना ऐकू जाईल

फार लांब नाही, एका बाजाराच्या गावात एक खाणावळ होती. तिथल्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत जायचा आणि त्या वासाने गिऱ्हाईक आत यायचं. पुढे उंदीरही यायला लागले.

त्या गावात एक समजूत होती. उंदरांवरचा उपाय मोठ्याने बोलायचा नाही. उंदरांना ऐकू जातं आणि ते सावध होतात. खाणावळीच्या मालकाचा यावर फार विश्वास. स्वयंपाकघरात जो उंदरांचं नाव काढेल त्याला कामावरून काढीन, असं त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

मग जो तो गुपचूप उपाय करू लागला. भांडी घासणाऱ्या मावशी संध्याकाळी जाताना मोरीच्या भोकात चिंधी कोंबत. सकाळी पाणी तुंबलं की आचारी ती उपसून फेकून देई. चिंधी का कोंबली हे मावशी सांगत नसत आणि आचारी विचारत नसे. उंदरांचं मात्र उत्तम चाललं होतं.

एक दिवस मालकाने स्वतः कणकेत उंदराचं औषध मळलं, गोळे केले आणि ताटलीत घालून पिठाच्या डब्यामागे ठेवले. मावशींनी ते पाहिलं. मालकाने ओठांवर बोट ठेवलं.

दुपारी गर्दी झाली आणि मळलेली कणीक संपली. आचाऱ्याला डब्यामागे आयते गोळे दिसले. बरं झालं, म्हणत त्याने एक लाटून तव्यावर टाकला. बाहेर टपालवाला ताटावर पोळीची वाट बघत बसला होता.

मावशींचे हात भांड्यावरच थांबले. नोकरी गेली तर घरी चूल पेटणार नव्हती. त्या घाबरल्या, चांगल्याच घाबरल्या. तरी उठल्या आणि बाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "ती पोळी वाढू नका. त्यात उंदराचं औषध आहे."

सगळी गिऱ्हाइकं ताटांवरून उठली. मालक तणतणत आत आला. "बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं, मालक. म्हणून तर यांना ठाऊक नव्हतं," मावशी आचाऱ्याकडे बघत म्हणाल्या.

मालकाने तव्यावरची पोळी पाहिली आणि ती उचलून उरलेल्या गोळ्यांच्या ताटलीत टाकली. मग त्याने विचारलं, उंदीर येतात तरी कुठून? मोरीतून, हे मावशींना महिन्यापासून माहीत होतं.

आठ दिवस खाणावळ बंद राहिली. मोरीला लोखंडी जाळी बसली, पिठाला घट्ट झाकणाचा डबा आला, खरकटं रोजच्या रोज बाहेर जाऊ लागलं. हे सगळं तिघांनी मोठमोठ्याने बोलून ठरवलं. उंदरांनी ऐकलं असेल तर असो, जाळीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

नवव्या दिवशी पहिला आला तो टपालवाला. दारातच उभा राहून त्याने उंदरांचं काय झालं ते विचारलं. पूर्वी मालकाने विषय बदलला असता. आता तो बाजूला सरला आणि म्हणाला, "आत येऊन बघा."

टपालवाल्याने मोरी पाहिली, डबे पाहिले, हात धुतले आणि जेवायला बसला.

तात्पर्य एवढंच: घरातली अडचण घरातल्यांपासून लपवली, की तिच्यावरचा उपायच घात करतो.