ठकूबाईची गूळकमान

फार वर्षांपूर्वी, सोनजांबच्या माळावर विद्यापीठ नव्हतं तेव्हा, तिथं नुसत्या बोरी-बाभळी होत्या. मग काळा दगड आला, पाथरवट आले, त्यांच्यामागून त्यांची कच्चीबच्ची आली आणि चुन्याची घाणी घेऊन ठकूबाई आली. बैल दगडी चाक ओढायचे, चाकाखाली चुना मळला जायचा. त्यात ठकूबाई बेलफळाचा गर घालायची, उडदाचं पीठ घालायची आणि गुळाचं पाणी ओतायची. गुळानं चुना दगडाला घट्ट धरतो, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

पण शेंबड्या पोराला गूळ खायचाही असतो, त्याचं काय?

त्या साली पाऊस रुसला होता. घरोघरी भाकरी अर्धी झाली होती. पोरं घाणीभोवती घोटाळू लागली. ठकूबाई तोंडानं भारी फटकळ. "मेल्यांनो, ह्यो इमारतीचा घास हाय!" असं ओरडायची, आणि ओरडता ओरडता एकेकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. असं म्हणतात, त्या साली माळावर एकही पोर उपाशी झोपलं नाही.

इमारत चढत गेली. जिने झाले, सज्जे झाले, आणि शेवटी दर्शनी कमान उभी राहिली, दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जाव्यात इतकी रुंद. भिवबा गवंड्यानं ती लाकडी कालबुताच्या आधारावर रचली होती. आता आधार काढायचा होता. गवंड्यांची रीत अशी, की कालबूत निघताना कमान बांधणाऱ्यानं तिच्याखाली उभं राहायचं. पडली तर आधी त्याच्या डोक्यावर.

भिवबा पागोटं नीट करून कमानीखाली गेला आणि ठकूबाईच्या काळजात धस्स झालं. दगड भिवबानं रचले होते, पण चुना तिचा होता. आणि चुन्यातला गूळ पोरांच्या पोटात!

ती धावतच कमानीखाली शिरली.

"भिवदादा, सरा बाजूला. चुन्यात गूळ कमी पडलाय. म्या पोरांना चारला. पडली तर माज्यावर पडू द्या."

भिवबा जागचा हलला नाही. "माजी धाकटी रोज चिकट त्वांड घिऊन घरी यायची," तो म्हणाला. "मला काय ठावं नव्हतं व्हय?"

मग आयांचे हात सोडून सगळी पोरं धावली आणि ठकूबाईच्या लुगड्याला बिलगली. आया किंचाळल्या, पण तोवर कालबूत सुटलं होतं.

कमान कण्हली. तसूभर खाली बसली. आणि थांबली.

वरून चिमूटभर चुना तेवढा ठकूबाईच्या केसांत पडला. असं म्हणतात, तिनं तो बोटावर घेऊन चाखला, तर गोड लागला. कमानीकडे मान वर करून ती डोळे पुसत म्हणाली, "शानी गं माजी बाय! पुरवून खाल्लंस."

नंतर माळावर पुष्कळ इमारती झाल्या. त्यांतल्या कितीतरी दर पावसाळ्यात गळतात. कमान मात्र कोरडी.

आजही विद्यापीठाचं नवं वर्ष सुरू होतं, त्या दिवशी नवी मुलं आधी कमानीखाली उभी राहतात. शिपाईमामा प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. कुलगुरू नवे असले, तर त्यांच्याही. अर्धा आपण खायचा आणि अर्धा दगडांच्या सांधीत ठेवायचा, कारण तो इमारतीचा घास.

संध्याकाळपर्यंत तो मुंग्या नेतात. त्यांना कुणी झाडत नाही. ठकूबाईनं तरी कुठं हाकललं असतं?