नासलेलं दूध आणि पुसायचं फडकं

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा भांडी घासायला राख आणि चिंच याखेरीज दुसरं काही ठाऊकच नव्हतं. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक चमत्कारिक रीत होती. ज्या बाईने भांडी घासायची, तिने ती पुसायची नाहीत. घासणारी वेगळी, पुसणारी वेगळी. घरात दुसरी बाई नसेल तर शेजारीण येऊन पुसून जायची, पण रीत मोडायची नाही.

असं का, ते मात्र कुणालाच सांगता येत नसे. आता तुम्ही म्हणाल, कुणी विचारलं कसं नाही? अहो, विचारलं होतं. आमच्या या गोष्टीतल्या धाकट्या सुनेने लग्न होऊन आल्याआल्याच विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूने सांगितलं म्हणून." पुढे सासूबाई वारल्या, रीत राहिली आणि प्रश्नही राहिला.

त्या घरात दोन सुना होत्या. थोरली घासायची, धाकटी पुसायची. थोरलीचा हात मोठा चपळ. पितळेची भांडी बाहेरून चिंचेने अशी लखलखवायची, की बघणाऱ्याने बघत राहावं. धाकटी मात्र जात्याच चौकस. भांडं पुसून झालं की ती फडकं नाकाशी धरायची, भांड्यात डोकावायची, काठाखालून बोट फिरवायची. आणि काही हाताला लागलं, की भांडं थोरलीपुढे परत ठेवायची.

"जाऊबाई, हे जरा पुन्हा."

थोरलीच्या कपाळाला आठी पडे, पण ती भांडं पुन्हा घाशी. असे दिवस चालले होते.

एकदा थोरलीच्या माहेरची माणसं आली. पंगती उठल्या, भांड्यांचा ढीग पडला आणि थोरली सगळ्यांसमोर झपाझप घासायला बसली. तिची आई कौतुकाने बघत होती. तेवढ्यात धाकटीने दुधाची चरवी परत आणून ठेवली.

"जाऊबाई, गळ्यापाशी चिकट लागतंय."

थोरलीने ती घासली. थोड्या वेळाने चरवी पुन्हा परत आली. मग तिसऱ्यांदाही आली. माहेरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

पाहुणे जाताच ती कडाडली, "तुझं फडकं भांडी पुसायला नाही, माझी उणीदुणी काढायला आहे! आजपासून तुझं तू घास, तुझं तू पूस. माझं मी बघेन."

"बघा की," धाकटीही फणकारली. "मला तरी कुठे हौस आहे?"

घरात म्हातारे सासरे होते. त्यांना दात नव्हते, पोटही नाजूक झालं होतं. दूध-भात हेच त्यांचं जेवण, दुसरं काही पचतच नसे. ते म्हणाले, "अगं पोरींनो, गावाची रीत आहे ती." पण रागाच्या भरात म्हाताऱ्याचं कोण ऐकतं?

वाटणी झाली. गोठ्यात दोन गाई होत्या. सकाळचं दूध थोरली आपल्या चरवीत काढून सासऱ्यांना तापवून देई, संध्याकाळचं धाकटी आपल्या चरवीत. आपापली भांडी ज्याची त्याने घासायची आणि पुसायची.

आणि दूध नासायला लागलं.

रोज नासलं असतं तर कोडं सोपं होतं. पण ते कधी नासे, कधी नासत नसे. थोरलीचं नासलं की धाकटी मनातून खूश व्हायची, आणि संध्याकाळी तिचंच दूध चुलीवर फाटून पाणी वेगळं, गोळे वेगळे व्हायचे. मग थोरली खूश.

सगळं गाव विचारात पडलं. कुणी म्हणालं, गाईंनी रानात भलतंच काही खाल्लं असेल. गाई दावणीला बांधून ठेवल्या, तरी दूध नासलं. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तरी नासलं. कल्हईवाल्याला बोलावलं. त्याने दोन्ही चरव्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि म्हणाला, "कल्हई झकास आहे, बाई. मला नावं ठेवू नका." शेजारणीने आपल्या म्हशीचं दूध दिलं. ते तिच्या घरी चांगलं तापलं होतं, ते यांच्या चरवीत ओतून पुन्हा तापवलं तर तेही नासलं.

सासरे गमतीने म्हणायचे, "मी बरेच दिवस जगलो, पण दुधाला एवढं रुसताना पाहिलं नव्हतं." पण गंमत हळूहळू संपत चालली. पाण्यात कालवलेला भात त्यांच्या पोटात टिकेना. पारावर जाऊन बसणारा माणूस आधी ओसरीवर बसू लागला, मग खाटेवर आडवा झाला. त्यांचे हात इतके बारीक झाले, की मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकू लागलं. दोघी सुना रात्री उठून उठून त्यांचा श्वास चालू आहे ना, ते पाहू लागल्या. म्हातारा दोघींनाही प्रिय होता.

भीती वाटली की माणूस दुसऱ्याचा दोष शोधतो. थोरलीनेही तेच केलं. धाकटी पाण्याला गेलेली पाहून तिने धाकटीची चरवी फळीवरून काढली, फडकं घेतलं आणि आतून गळ्यापाशी खसखसून फिरवलं. मग फडकं नाकाशी धरलं.

आंबट वास! फडक्यावर चिंचेचा तांबूस डाग आणि चिंचेची एक शीरसुद्धा!

धाकटी घागर घेऊन दारात येते न येते, तोच थोरली अंगणात ओरडत आली. "सापडलं, मामंजी, सापडलं! हिच्या चरवीत चिंच आहे. चिंचेने दूध फाटणार नाही तर काय होणार? हिनेच तुमचे हाल केले!"

धाकटीने घागर खाली ठेवली. तिने फडकं पाहिलं, चरवी पाहिली. "पण मी पाहिली होती," ती पुटपुटली. "घासल्यावर स्वतः पाहिली होती. चिंच लावलेला काथ्या आतही फिरला असेल, पण चिंच मला दिसली कशी नाही?" मग एकदम तिच्या मनात काही आलं. ती आत गेली, थोरलीची चरवी घेऊन आली आणि तेच फडकं दुसऱ्या टोकाने त्या चरवीच्या गळ्यात फिरवलं.

तोच तांबूस डाग. तोच आंबट वास.

"छे!" थोरली म्हणाली. "मी रोज उजेडात धरून पाहते." तिने चरवी उजेडात धरली. आता तिला काठाखालच्या वळणात चिंचेचा थर स्वच्छ दिसत होता. तिने तो नखाने खरवडून पाहिला.

तेवढ्यात खाटेवरून सासऱ्यांचा क्षीण आवाज आला. "म्हणजे माझं दूध दोघींनी मिळून नासवलं म्हणायचं. बरं झालं, भांडणाचं कारण राहिलं नाही. आता कुणीतरी चरवी घासा गं, मला फार भूक लागली आहे."

दोघींना रडू आलं. धाकटी डोळे पुसत म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या भांड्याला मी हजारदा नाक लावलं. स्वतःच्या भांड्याला एकदाही नाही. मी घासलंय म्हणजे स्वच्छच असणार, असं धरून चालले."

"मीही तेच केलं, बाई," थोरली म्हणाली. "आपण घासलेलं आपल्याला लखलखीतच दिसतं. ज्या दिवशी चिंच आत राहिली त्या दिवशी दूध फाटलं, धुऊन गेली त्या दिवशी टिकलं."

इतक्या वर्षांनी धाकटीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

थोरली घासायला बसली. आतून नुसती राख, बाहेरून चिंच, मग खळखळून पाणी. धाकटीने चरवी पुसली, फडकं नाकाशी धरलं आणि घुटमळली. थोरलीला पुन्हा राग आला तर?

"काय ते बोल," थोरली म्हणाली.

"थोडं राहिलंय, जाऊबाई."

थोरलीच्या कपाळाला आठी पडली. तिने एकदा खाटेकडे पाहिलं, हात पुढे केला आणि चरवी परत घेतली.

त्या संध्याकाळी दूध चुलीवर चढलं तेव्हा दोघी चुलीपुढे बसून राहिल्या. दूध गरम झालं, साय धरली, फुगून वर आलं आणि फाटलं नाही. सासऱ्यांनी वाटीभर दूध-भात खाल्ला आणि आणखी मागितला. काही दिवसांनी ते काठी टेकत पुन्हा पारावर जाऊन बसले.

थोरलीची आठी मात्र कधी गेली नाही. भांडं परत आलं की ती आधी तोंड वाकडं करायची आणि मग पुन्हा घासायची. पण धाकटी माहेरी गेली, की ती स्वतः शेजारणीच्या दारात जाऊन म्हणायची, "चल गं, माझी भांडी पुसायला ये. आणि नीट बघ हं."

तात्पर्य : आपल्या कामातली उणीव आपल्याला दिसत नाही, म्हणून जो ती दाखवतो, त्याच्यावर रुसू नये.