माहेरचा विस्तव

समुद्रापलीकडे ग्रीकांच्या मुलखात एक नगरी होती, तिथली ही फार जुनी गोष्ट. नवं गाव वसवायला निघालेली माणसं नगरीच्या पवित्र चुलीतला विस्तव मडक्यात घालून सोबत नेत. तो पेटल्याशिवाय नव्या गावाची सभा भरत नसे.

अशीच एक ठिणगी परक्या किनाऱ्यावर आली, पण काही केल्या लाकूड धरीना. राखेत तोंड लपवून म्हणाली, "मडकेदादा, जहाज परत जाईल तेव्हा मला घेऊन चल. इथं माझं कोण आहे?"

"वाटेतच विझशील, बये," मडकं म्हणालं. "आणि ह्या माणसांचं तरी इथं कोण आहे?"

ठिणगीनं राखेतून पाहिलं. सगळे गारठून बसले होते. क्लेओ नावाची म्हातारी वाकली आणि हळूच म्हणाली, "मलाही घर आठवतं गं." मग तिनं फुंकर घातली. ती फुंकर ठिणगीला आपल्याच उसाशासारखी वाटली. ठिणगीनं लाकूड धरलं.

सभा भरली. पहिलाच ठराव झाला, की दरवर्षी पहिल्या पिकाचं धान्य माहेरच्या चुलीला पाठवायचं.

ठिणगीनं ते ऐकलं आणि दुसऱ्या लाकडाला हात घातला.