बुवाही निघाले

“मग जाऊ की नको?” मार्तंडने चौथ्यांदा विचारलं.

निरंजनबुवा ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली.

“जा.”

मार्तंड हबकलाच.

डोंगरावरच्या त्या मठात शिकायला आलं की सात वर्षं. आधी व्याकरण, मग न्याय, मग वेदान्त. शेवटी पंडितांच्या सभेत परीक्षा आणि खांद्यावर शाल. मार्तंडची चार वर्षं झाली होती. पाठांतरात त्याचा हात धरणारं मठात कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट मठात सर्वांत जास्त वेळा त्यानेच सांगितली होती.

मठ सोडायचा ठरल्यावर त्याने महिनाभर खपून सतरा कारणं तयार केली होती. बुवा अडवतील, तो एकेक कारण पुढे करील, बुवा निरुत्तर होतील, उपरण्याने डोळे टिपतील... असा सगळा बेत होता.

“तुम्ही मला थांबवणार नाही?”

“बरं. थांब.”

“पण मला थांबायचं नाहीये!”

“मग जा.”

मार्तंड मटकन खाली बसला. सतरापैकी एकही कारण आता त्याला आठवेना.

“लोक म्हणतील, झेपलं नाही.”

“नाही झेपलं?”

“झेपतंय की! सगळ्यांपेक्षा जास्त झेपतंय.”

“मग?”

मार्तंडने टोपलीतली एक शेंग उचलून उगीच सोलली.

“पोथी उघडतो... आणि मन खाली नदीवर जातं.”

खाली नदीच्या वळणावर रामा भोई होड्या बांधायचा. गेल्या हिवाळ्यात मठाची होडी गळायला लागली, तेव्हा बुवांनी मार्तंडला एका दिवसासाठी रामाच्या हाताखाली धाडलं होतं. तो अकराव्या दिवशी परतला. हाताला फोड, केसांत भुसा, आणि डोक्यात रामाचं एकच वाक्य, ‘लाकडाचं तुला कळतं रं.’ चार वर्षांच्या वाहवेने झाला नसेल एवढा आनंद त्या वाक्याने झाला होता. तेव्हापासून मार्तंडची झोप उडाली होती.

“बुवा, मी कंटाळून पळतोय, की मला खरंच तिकडे जायचंय? कधी वाटतं, मला काहीही जमेल. कधी वाटतं, मला काहीच जमत नाही म्हणून मी नवं काहीतरी शोधतोय. तुम्हीच सांगा.”

बुवांनी टोपली बाजूला सरकवली. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा खांद्याला झोळी होती, हातात काठी. त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या.

“कुठे निघालात?”

“तुझ्याबरोबर. चाळीस वर्षं झाली, मधूनमधून वाटतं, जावं. सोबत मिळत नव्हती.”

आणि बुवा पायऱ्या उतरू लागलेसुद्धा.

मार्तंडला वाटलं, थट्टा असेल. वेशीपर्यंत येतील आणि वळतील. पण वेस मागे पडली. बुवा वयाच्या मानाने भलतेच झपझप चालत होते. डोक्यावर वळकटी घेऊन मार्तंड त्यांच्यामागे धापा टाकत पळत होता.

अर्ध्या उतारावर त्याने पुढे होऊन वाटच अडवली.

“बुवा, तुम्ही नाही जाऊ शकत!”

“का?”

“का म्हणजे? तुमच्याशिवाय मठ काय आहे?”

“ते मठाचं झालं. माझं सांग.”

“तुमचा... तुमचा जीव आहे तिथे! आठवा, पाठ चालू असताना साप निघाला होता. आम्ही सगळे अंगणात पळालो. तुम्ही तिथेच बसून समास सोडवत होतात. समास सुटला, मग म्हणालात, आता बघू, कुठे आहे तो.”

“मोठा होता.”

“साप?”

“समास.”

“बघा! आणि आतासुद्धा, एवढ्याशा उतारावर तुम्ही दोनदा मागे वळून मठाकडे पाहिलंत.”

“तीनदा,” बुवा म्हणाले. मग काठीवर हनुवटी टेकून त्यांनी विचारलं, “तू?”

मार्तंडची नजर पुन्हा खाली नदीकडे गेली.

त्याने एकदाही मागे पाहिलं नव्हतं. वळकटीखालून मान वाकडी करकरून तो सगळी वाट नदी पाहत आला होता.



मग मार्तंडने वळकटी खाली ठेवली, बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि वळकटी उचलून एकटाच उतरू लागला. बुवा आले त्या वाटेने परत चढले. शेंगा अर्ध्याच सोलून झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी माघात एका दुपारी मार्तंड मठात आला. धोतर अजून ओलं, कानात शेवाळ, आणि चेहरा हसरा.

“बुवा, माझी पहिली होडी आज पाण्यात सोडली.”

“मग?”

“बुडाली.”

ओसरीवर बसलेले शिष्य एकमेकांकडे पाहून गालांत हसले. वर्षभरापूर्वी तेवढ्याने मार्तंड लालबुंद झाला असता. आता तो त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसला.

“आत कोण होतं?” बुवांनी विचारलं.

“मी एकटाच. दुसऱ्या कुणाला कसं बसवणार?”

“मठात परत यायचंय?”

“छे! कुठली फळी चुकली ते कळलंय. आजच उचकटायची आहे. नुसतं सांगायला आलो होतो.” तो जायला वळलासुद्धा.

“मार्तंडा...”

“जी?”

“दुसऱ्या होडीत मी बसेन. मला पोहता येत नाही.”