बिनसावलीचं झाड

कुंदा रागानं लालबुंद झाली होती. तिची आई बागेच्या फाटकापाशी करवंदं विकायची, करंजाच्या गार सावलीत. तो करंज बागेच्या मुकादमानं काल तोडून टाकला. का? तर म्हणे पानं फार पडतात! आज उन्हानं आईला भोवळ आली. (बाळांनो, रागावू नये असं मी इथे लिहायला हवं. पण मलाही रागच आलाय, काय करू?)

कुंदा रंगपेटी घेऊन फाटकाजवळच्या झुडपापाशी बसली. तिथे अंगठ्याएवढी, सोनेरी पंखांची परी तहानेनं कोमेजून पडली होती. कुंदानं रंगांसाठी आणलेल्या पाण्यातलं थोडं तिला पाजलं.

"माझं करंजावरचं घर पाडलं मेल्यानं!" परी कडाडली. "तू गुणाची आहेस. तू काढशील ते खरं होईल. पण चित्रं दोनच, आणि पांढऱ्या रंगाला हात लावायचा नाही."

कुंदानं झरझर झाड रंगवलं. पोपटी, पिवळसर, चमचमतं! सर्रकन ते आईपाशी उगवलं. पण ऊन आरपार!

"अगंबाई, झाड आहे की पापड?" आई क्षीण हसली. तेवढ्यात झुळूक आली आणि झाड कडकन मोडलं.

"काळोख कुठाय त्यात?" परी खेकसली.

"गडद रंगानं चित्र घाण होतं," कुंदा रडवेली झाली.

"कुणी सांगितलं? सगळंच उजळ, मग सावली येणार कुठून? गडद लाव. उजेडाच्या जागी इवलाइवला कागद कोरा सोड. नाहीतर मुकादमाच्या खुर्चीवर काटे काढ, मला चालेल!"

काटे अगदी कुंचल्याच्या टोकाशी आले होते. पण आईचे डोळे मिटत होते. कुंदानं हिरव्यात निळा आणि तपकिरी कालवला आणि धुमसतच रंगवू लागली. सगळा राग पानापानांमधल्या काळोखात ओतला. त्या काळ्या-जांभळ्या हिरव्याशेजारी कोरे ठिपके कसे लखलखले!

गर्द, घनदाट झाड उभं राहिलं. सावली आईच्या कपाळावर उतरली. "गार वाटतंय गं पोरी," तिनं डोळे उघडले.

घामाघूम मुकादम सावलीच्या कडेला येऊन घुटमळला. कुंदानं डोळे वटारले.

"या, बसा. पण कुऱ्हाड तिकडे ठेवून!"

परी खुदकन हसली. पानांमधल्या फटीतून उन्हाचा सोनेरी झोत आला. ती त्यात शिरली, लखकन चमकली आणि दिसेनाशी झाली.

कुंदाच्या आईला मिळाली, तशी गर्द सावली तुमच्याही आईला मिळो.